जर्मनी: बायको आणि लेकीचं हेल्थ कार्ड अडकलंय, तोवर डॉक्टरकडे कसं जायचं?

लेकीचा_बाबा
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या. दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी स्टुटगार्टला आलो, पगार वर्षाला ५८,००० युरो, कंपनीनेच एका सरकारी पद्धतीच्या क्रांकनकासेत, म्हणजे हेल्थ इन्शुरन्सच्या संस्थेत, माझं नाव घातलं आणि माझं कार्ड पोस्टाने व्यवस्थित आलं. बायको आणि चार वर्षांची लेक तीन आठवड्यांपूर्वी आल्या, चौथ्याच दिवशी दोघींचं आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी, केलं आणि त्याच संध्याकाळी फॅमिली इन्शुरन्सचा फॉर्म भरून कासेच्या अ‍ॅपवरून पाठवला. वाटलं झालं काम. काल पत्र आलं, लग्नाच्या दाखल्याचं जर्मन भाषांतर द्या, मुलीचा जन्मदाखला द्या, दोघींचा आधीचा इन्शुरन्स कुठे होता ते कळवा, सही करून परत पाठवा. त्यात बायकोचं दाखल्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं.

हे सगळं केलंही असतं शांतपणे, पण सोमवारी रात्री लेकीचा कान दुखायला लागला, ताप १०३, रात्रभर रडत होती. सकाळी मुलांच्या डॉक्टरकडे नेलं तर रिसेप्शनवर पहिला प्रश्न कार्ड कुठाय. नाही म्हटल्यावर प्रायव्हेट पेशंट म्हणून ७० युरो भरून घेतले. पैशाचं जाऊ द्या, पण पुढच्या गुरुवारी परत दाखवायचंय आणि बायको सारखी विचारतेय की आपलं बाळ इथे कव्हर्ड आहे की नाही ते नक्की सांग, आणि मला ठामपणे हो म्हणता येत नाहीये. कव्हर कधीपासून धरतात, फॉर्म पास झाल्यापासून की आल्यापासून? आणि व्हिसासाठी घेतलेली ट्रॅव्हल पॉलिसी अजून चालू आहे, ती बंद करू का?

ड्युसेलडॉर्फची_आई
अहो दादा, आधी वहिनींना सांगा की बाळ कव्हर्ड आहे. मनापासून सांगते, तीन वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी होते आणि कोणी हे एक वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या. फॅमिली इन्शुरन्स फॉर्म मंजूर झाल्यापासून सुरू होत नाही, अटी पूर्ण होतात त्या दिवसापासून तो कायद्यानेच लागू होतो. तुम्ही आधीच मेंबर, त्या दोघी इथे राहायला आल्या, त्यांची कमाई नाही, म्हणजे आल्या दिवसापासूनच. कासे जे तपासते ते तुमचे कागद, आणि उशीर झाला तरी तारीख मागचीच धरतात.

आता गुरुवारचं. उद्या सकाळी कासेला फोन करा आणि फक्त एक शब्द नीट म्हणा, एर्झात्सबेशायनिगुंग. म्हणजे कार्डाच्या बदल्यात चालणारा कागद. मुलीच्या नावाने मागा, आजारी आहे, गुरुवारी टर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट आहे असं सांगा. बऱ्याचदा तो थेट डॉक्टरकडे फॅक्स करतात नाहीतर अ‍ॅपमध्ये टाकतात. तो असला की कार्ड नसलं तरी चालतं.

७० युरोंची पावती फेकू नका. नियम असा आहे की कार्ड नसेल तर डॉक्टर प्रायव्हेट बिल लावू शकतो, पण दहा दिवसांत कार्ड किंवा तसा पुरावा आणून दिला तर नाही, आणि पैसे भरले असतील तरी ती तिमाही संपायच्या आत कार्ड दाखवलं तर परत द्यावे लागतात. तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशी. रिसेप्शनवर न भांडता पावती आणि कागद दोन्ही समोर ठेवा.

आणि रात्री-अपरात्री ताप वाढला तर ११६११७ ला फोन करा, दवाखाने बंद असताना कुठे जायचं ते तिथे सांगतात. जिवावरचं असेल तर ११२. हे दोन नंबर आजच फ्रिजवर चिकटवा.

एचआर_मध्ये_काम_करते
कागदांबद्दल सांगते, हे मी आमच्या ऑफिसात दर महिन्याला बघते. आधीच्या इन्शुरन्सचा प्रश्न बघून लोक घाबरतात आणि जुन्या देशातल्या पॉलिसीचे कागद शोधत बसतात. कासेला मुख्यतः हे बघायचं असतं की याआधी जर्मनीत दुसऱ्या कुठल्या कासेत नाव होतं का. तुमच्या दोघींचं नव्हतं, मग तसं सरळ लिहा, याआधी परदेशात होतो, अमुक तारखेला जर्मनीत आलो, सोबत व्हिसाच्या पानाची आणि आनमेल्डुंगच्या कागदाची कॉपी.

नावाचं टेन्शन घेऊ नका. फॉर्मवर गेबुर्ट्सनामे असा एक रकाना असतो, जन्माचं नाव, तिथे माहेरचं आडनाव दाखल्यावर आहे तसंच्या तसं लिहा. आताच्या आडनावाच्या रकान्यात पासपोर्टप्रमाणे. एका अक्षराचाही फरक नको, कारण तुमच्याकडे आधीच दोन स्पेलिंगं आहेत त्यात तिसरं आलं की मग खरंच अडकतं. भाषांतर शपथ घेतलेल्या ट्रान्सलेटरकडूनच करून घ्या, परदेशी नागरिकांच्या ऑफिसात तेच परत लागू शकतं. तोवर मूळ दाखला आणि भाषांतर करायला दिल्याची पावती अपलोड करून ठेवा, मुदतीच्या आत काहीतरी गेलेलं असू दे.

बायकोचा फोटो कार्डासाठी लागेल, लेकीचा नाही, पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या कार्डावर फोटो नसतो.

आणि अजून एक, हे कोणी सांगत नाही. मुलीचा जन्मदाखला तुमच्या पगाराच्या डिपार्टमेंटलाही द्या. देखभाल विम्यात, म्हणजे फ्लेगेफरझिशरुंगमध्ये, मूल नसलेल्यांकडून ०.६ टक्के जास्त कापतात आणि तो सगळा भार कर्मचाऱ्यावर. तुमचं मूल परदेशात जन्मलेलं, त्यामुळे तुम्ही दाखवल्याशिवाय कंपनीला कळायचं कसं. पगाराच्या स्लिपवर बघा, कदाचित कापतही असतील.

दक्षिणेतला_जुना
वरचं सगळं बरोबर. ट्रॅव्हल पॉलिसीचं राहिलं, ती दोघींचं नाव असलेलं कासेचं लेखी पत्र हातात येईपर्यंत बंद करू नका, नंतर मात्र करा, बऱ्याच पॉलिसींत उरलेल्या महिन्यांचे पैसे मिळतात. पण ती पॉलिसी म्हणजे इथला इन्शुरन्स नव्हे हे पक्कं डोक्यात ठेवा. २००९ पासून जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा आहे आणि उशिरा नाव घातलं तर हप्ते मागच्या तारखेपासून वसूल होतात. माझ्या ओळखीतल्या एकाने वर्षभर स्वस्त ट्रॅव्हल पॉलिसीवर काढलं आणि मग एकदम सगळं भरावं लागलं, फार ओढाताण झाली त्याची.

आणि लेटरबॉक्सवर बायकोचं नाव लावलंय का? इथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, डब्यावरचं नाव बघतो. माझ्या बायकोचं आडनाव वेगळं, डब्यावर फक्त माझं होतं, तिचं कार्ड दोनदा परत गेलं आणि आम्ही दीड महिना कासेला दोष देत बसलो. चूक डब्यावर होती.

नवा_मेंबर_७
मध्येच विचारतो, माझा पगार ७८,००० आहे, एजंट म्हणतोय प्रायव्हेट घे, अर्ध्या पैशात होईल. बायको येतेय दोन महिन्यांनी. घेऊ का?

दक्षिणेतला_जुना
बायको येतेय ना, मग थांबा. सरकारी इन्शुरन्स सक्तीचा असण्याची पगाराची मर्यादा २०२५ मध्ये ७३,८०० होती, मर्यादेच्या वर पगार असला की सरकारी की प्रायव्हेट ही निवड मिळते हे खरं. पण सरकारीत बायको-मुलं तुमच्याच हप्त्यात येतात, प्रायव्हेटमध्ये प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. आज एकट्याचा आकडा स्वस्त दिसतो, घरातल्या सगळ्यांचा एजंटकडून लिहून मागा, मग बघा. वयाच्या ५५ नंतर सरकारीत परत यायचा रस्ता जवळपास बंद होतो, हेही त्याने सांगितलंय का विचारा. सरकारीत हप्ता १४.६ टक्के अधिक कासेचा जादा दर, तो २०२५ मध्ये सरासरी २.५ होता, आणि त्यातलं अर्धं कंपनी भरते. मला विचाराल तर संसार असलेल्या माणसाने घाईत सही करूच नये.

लेकीचा_बाबा
सगळ्यांचे खूप आभार, ताई तुमचे विशेष. सकाळी आठला फोन केला, तो शब्द तीनदा म्हणावा लागला पण बाईंनी धीराने ऐकून घेतलं, कागद दुपारी अ‍ॅपमध्ये आला. लेकीचं नाव आणि सुरुवातीची तारीख त्या दोघी आल्या तीच आहे. बायकोला दाखवला, ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली त्या तारखेकडे.

डॉक्टरकडे पावती घेऊन गेलो, पैसे परत मिळतील म्हणाले, गुरुवारी दोन्ही आणा. पगाराच्या स्लिपवर ते ०.६ खरंच कापलंय, दाखला आज पाठवला. ताप उतरलाय, कान अजून थोडा दुखतो. आता खाली जाऊन डब्यावर दुसरं नाव चिकटवतो.

ड्युसेलडॉर्फची_आई
वा, छान झालं. गुरुवारी डॉक्टरांना पिवळी वही मागा, मुलांच्या तपासण्यांची. चार वर्षांचीही एक असते, यू-८, तीही कासेतच येते. कान बरा झाला की तिचं टर्मिन घेऊन टाका.