वाडीची लोकसंख्या जनगणनेत कुठं शोधायची?

भोगावतीकाठ: कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाड्या-धनगरवाड्यांचा तक्ता करायचाय. २०११ च्या जनगणना पुस्तिकेत मूळ गाव सापडतं, वाडीचं नावही नाही. शिवाय पोर्ले, शिरोली दोनदोनदा दिसतात. सुरुवात कुठून करू?

शिवारनकाशा: जनगणनेचं एकक महसुली गाव, म्हणजे महसूल दप्तरात स्वतंत्र नोंद असलेलं गाव. वाडीला तो दर्जा नसेल तर तिची माणसं मूळ गावातच मोजली जातात. ग्रामपंचायतीवरनं अंदाज बांधू नका, ग्रुप ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात.

नावावर तक्ते जुळवाल तर फसाल. पोर्ले तर्फ ठाणे आणि पोर्ले तर्फ बोरगाव दोन्ही पन्हाळ्यात. शिरोली पुलाची हातकणंगल्यात, शिरोली दुमाला करवीरात. कागलात कसबा सांगाव वेगळं, मौजे सांगाव वेगळं. सहा अंकी गाव-कोडवरच जुळवा. तालुक्याच्या पाच अंकी कोडातलं सुरुवातीचं शून्य एक्सेल खाऊन टाकतं, म्हणून फाइल घेतानाच तो रकाना टेक्स्ट ठेवा. आणि जिल्हा, तालुका, गाव या सगळ्या ओळी एकाच पानावर असतात. न गाळता बेरीज मारली की तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली जातात. गावं आणि शहरं मिळून ३८,७६,००१ यायला पाहिजे.

नमुना आठ: वाडीसाठी अंदाजच काढावा लागतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधनं, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीतनं, वाडीवार घरं घ्या, कुलूपबंद घरं वजा करा. ही पायरी टाळली की डोंगरी वाड्या फुगतात. माणसं मुंबईला, घरपट्टी इथं. समजा गावात १,८०० माणसं आणि ३६० चालू घरं, म्हणजे घरामागे ५. वाडीत ४२ चालू घरं असतील तर २१०. मग अंगणवाडी किंवा आशाताईंच्या कुटुंब नोंदवहीशी ताडून बघा. मतदार यादीवर विसंबू नका, गाव सोडून गेलेल्यांची नावं तिथं वर्षानुवर्षं राहतात.

गळीत हंगाम: एक गोष्ट राहिली. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन ऊसतोडीत. जो त्या सगळ्या काळात घराबाहेर होता, तो जिथं सापडला तिथं मोजला. त्यामुळं ऊसपट्ट्यातल्या गावांच्या आकड्यात तोडणी मजुरांच्या खोपटांतली माणसंही असू शकतात. धरणाखाली गेलेल्या गावांचं उलट: महसुली नाव शिल्लक, वस्ती शून्य. अशी बेचिराख गावं काढून टाकू नका, कोड ठेवा. त्यांची माणसं पुनर्वसन वसाहतीत, दुसऱ्याच गावाच्या आकड्यात असतात.

भोगावतीकाठ: आणि हुपरी? गावांच्या यादीत मिळेना.

शिवारनकाशा: शहरांच्या यादीत बघा. ग्रामपंचायत असूनही २०११ ला ते जनगणना नगर होतं: किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर. चांदीकामामुळं हुपरी त्यात बसणारच! नगरपरिषद नंतर झाली. उचगाव, गांधीनगर, कबनूरही त्याच यादीत मिळतील.