पेशींना जोडणारी प्रथिनं म्हणजे नुसतं सिमेंट नव्हे

रानजाई: काल सांगलीकरांनी लिहिलं, "पेशी चिकटवणारी प्रथिनं म्हणजे सिमेंट, त्वचेच्या वाढीशी त्यांचा संबंध नाही." राहवलं नाही म्हणून लिहितेय. सिमेंट विटेला वाढ किंवा थांब असं सांगत नाही. त्वचेच्या तळातली पेशी इंटिग्रिन नावाच्या प्रथिनाने खालचा पडदा धरून असते तोवर विभागते. पकड सुटली की वर सरकते, केरॅटिन या कडक प्रथिनाने भरते, शेवटी कोंडा होऊन गळते. अशा पेशी घट्ट द्रवात तरंगत ठेवल्या तर विभागणं सोडून वरच्या थरातल्यासारख्या पक्व व्हायला लागतात, हे १९७०च्या दशकातच दिसलंय. वरच्या थरात पेशीला पेशी जोडणारं डेस्मोग्लीन-१ हे प्रथिन तर वाढीचा संकेतच दाबतं.

सांगलीकर: संकेत वाढीच्या घटकांचे, कॅल्शियमचे. पेम्फिगस या त्वचारोगात शरीराचीच प्रतिपिंडं डेस्मोग्लीनवर तुटून पडतात, पेशी सुटतात, फोड येतात. म्हणजे सिमेंटच की!

माई: पेम्फिगसचं नाव काढलंत म्हणून बोलते. आईच्या तोंडात व्रण आले, सगळे म्हणाले उष्णता. गुलकंद झाला, सब्जा झाला. पाठीवर फोड आल्यावर नागीण समजून काव फासली, तीही उघड्या जखमेवर! बायोप्सीला सात महिने गेले. तोवर तिला पाणी गिळवेना.

डोंगरकडा: माई, सगळं खापर गावठी उपायांवर नको. माझ्या काकांना शहरातल्या डॉक्टरने चार महिने बी-कॉम्प्लेक्स दिलं. नागीणवाल्यानेच मोठ्या दवाखान्यात धाडलं.

माई: तुम्हाला शहाणा भेटला. आमच्यावर काय गुदरलं ते तुम्ही मला शिकवू नका.

रानजाई: भांडू नका. तोंडातले व्रण आठवडेच्या आठवडे भरत नसतील तर त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा, एवढं तरी दोघांना पटेल. सांगलीकर, २०१५ सालचा जर्मनीतला सात वर्षांचा सीरियन मुलगा आठवा. इंटिग्रिन खालच्या पडद्यातल्या ज्या प्रथिनाला धरतं त्या लॅमिनिनचंच जनुक बिघडलेलं, अंगभर जखमा. त्याच्याच पेशींत जनुक दुरुस्त करून सुमारे ८० टक्के त्वचा नवी बसवली. पकड मिळाल्यावर मूळ पेशी (स्टेम सेल) टिकल्या आणि ती त्वचा स्वतःहून नवी होत राहिली.

सांगलीकर: बरं, इंटिग्रिनपुरतं मागे घेतो. डेस्मोग्लीनचं वाचल्याशिवाय मानणार नाही.

माई: वाचा. रिटुक्सिमॅब या औषधानंतर आई आता भाकरी खाते, दुधात कुस्करून. तिखट अजून सोसत नाही.