अनुभव धागा: मासा कशाने गेला, हे नक्की कशावरून कळलं?

काचघर
मंडळी, घरातला मासा मेला की त्याचं निदान दोनच ठिकाणी होतं. एक म्हणजे घरातले ज्येष्ठ, "घरावरचं आलेलं त्याने अंगावर घेतलं बघ", आणि दुसरा दुकानदार, "पानी लगा होगा, ये दवा डालो" म्हणत निळ्या औषधाची बाटली पुढे करणार. वाद दोघांशीही घालता येत नाही कारण तोवर मासा तुळशीच्या शेजारच्या कुंडीत पुरलेला असतो. तर इथे असे किस्से लिहा ज्यात कारण खरंच सापडलं आणि ते कशावरून सापडलं तेही सांगा. "बहुतेक थंडी लागली असेल" वाले आत्ता नको. कोळंबी, गोगलगाय, कासव सगळं चालेल. फोटो मात्र प्लीज नको, लोक चहा पिता पिता वाचतात.

नाशिकची_मिसळ
आमचा किस्सा कोळंब्यांचा. टँकमध्ये गप्पी, तळाला कोरी मासे आणि लाल चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्या. एका महिन्यात श्रिंप एकेक करून आडव्या व्हायला लागल्या, मग गोगलगायी, आणि गप्पी मात्र मजेत, पिल्लंही घालतायत. माशांच्या घाणीतून पाण्यात होणारी विषं तपासली, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मग भाऊ म्हणाला की अगं मासे ठणठणीत आणि कोळंबी-गोगलगायच मरतेय म्हणजे तांबं बघ. पण तांबं येणार कुठून, आमची पाइपलाइन सगळी प्लास्टिकची, औषध काही घातलेलं नाही. शेवटी आईने विषय काढला तेव्हा कळलं की आजी रोज पूजा झाली की तांब्याच्या कळशीतलं रात्रभर ठेवलेलं पाणी टँकमध्ये ओतत होती, "तुम्ही पिता ते फिल्टरचं मेलेलं पाणी, त्यांना तरी चांगलं मिळू दे" म्हणून!! समुद्री टँकवाल्या मित्राकडून कॉपरचं टेस्ट किट आणलं आणि रंग चढलाच. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात WHO च्या हिशोबाने लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं, कोळंबीला मारायला त्याच्या कितीतरी कमी पुरतं. गंमत म्हणजे त्यांचं रक्तच तांब्यावर चालतं, आपलं लोखंडावर चालतं तसं, तरी पाण्यातलं जास्तीचं झेपत नाही. आजीला कोणी काही बोललं नाही, कळशी आता मनी प्लँटकडे वळवलीय.

फायटरवाला
माझा छोटा. फायटर मासा तीन वर्षं आमच्याकडे होता, दुकानातून आणला तेव्हाच पूर्ण वाढलेला. रंग उतरला, पानावर झोपून राहायचा, एक दिवस उठला नाही. पाण्याच्या सगळ्या टेस्ट चांगल्या. म्हातारपण. एवढंच.

खाडीकाठचा
मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकलोय म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या. लोक सकाळी मेलेला मासा दुपारी पिशवीत घालून आणतात आणि विचारतात काय झालं, तेव्हा खरं सांगायचं तर फार काही सांगता येत नाही. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात कल्ले तासाभरातच सडायला लागतात आणि आम्हाला सगळ्यात जास्त माहिती तिथेच मिळते. शेपूट कुरतडलेली आहे, डोळा नाही, यावरून पण काही धरू नका, ते बाकीच्या माशांनी मेल्यावर खाल्लेलं असतं. आतून अमुक बॅक्टेरिया सापडला तरी तो पाण्यात तसाही असतोच, मासा मेल्यावर घुसलेला असू शकतो. सगळ्यात उपयोगी मासा म्हणजे अजून जिवंत आहे पण मरायला टेकलाय तो. तो नसेल तर ताजा मेलेला पिशवीत घालून बर्फावर ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, गोठवला की पेशी फुटतात आणि मायक्रोस्कोपखाली नुसता लगदा दिसतो.

कल्ल्याचं झाकण उचलून घरीही बघता येतं. चॉकलेटी रंग असेल तर नायट्राइटचा संशय घ्या, रक्त ऑक्सिजन वाहायचं सोडून देतं. फिकट, चिकट झालेले असतील तर तुकडा काचेवर घेऊन बघायचा, व्हाइट स्पॉटचा, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या रोगाचा जीव गोल गोल फिरताना दिसतो आणि पोटात घोड्याच्या नालेसारखा केंद्रक असतो, एकदा बघितला की आयुष्यात चुकत नाही. आणि हो, माशाच्या आधी पाणी! मेलेला मासा दिसला की लोक पहिलं काय करतात तर अर्धं पाणी बदलतात, म्हणजे पुरावाच गटारात. एक बाटली काठोकाठ भरून बाजूला काढा, मग काय बदलायचं ते बदला.

कृष्णाकाठ_सांगली
२०१९ चा महापूर. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, पाणी खाली पार्किंग भरून जिन्यापर्यंत, लाइट नाही. टँकमध्ये शुबंकिन आणि कोई. वडील मगाने पाणी उचलून वरून टँकमध्येच ओतत बसायचे, आळीपाळीने आम्ही पण, खायला घालणं बंद. सगळा पूर मासे जगले की ओ! लाइट आली, बिल्डिंगमध्ये ओरडाआरडा, टाळ्या, बाहेरचा डब्याचा फिल्टर आपोआप सुरू झाला, आणि आम्ही खाली चिखल बघायला गेलो तेवढ्यात वर येऊन बघतो तर टँक काळपट आणि मासे उलटे. वास कुजलेल्या अंड्याचा. त्या वासावरूनच कळलं, फिल्टर उघडला तर आतला स्पंज काळाकुट्ट. बंद डब्यात पाणी हलत नाही, आतले चांगले बॅक्टेरिया ऑक्सिजन संपवून काही तासांत गुदमरतात, मग दुसरे येतात ते हायड्रोजन सल्फाइड बनवतात, आणि लाइट आल्या आल्या पंपाने ते सगळं एका दमात टँकमध्ये सोडलं. म्हणजे पुराने नाही मारलं, लाइटीने मारलं. लोडशेडिंगवाल्या भागातल्यांनी फिल्टरचं बटण हाताने चालू करायची सवय ठेवा बघा, आधी धुवायचा, मग प्लग.

बे_एरियातली_वहिनी
बादलीत पाणी एक दिवस ठेवायचं की क्लोरीन उडून जातं, हे मी पुण्यातून डोक्यात घेऊन आले. इथे अमेरिकेत तसंच केलं तरी दर पाणी बदलल्यावर टेट्रा वर येऊन धापा टाकायचे आणि एक-दोन जायचे. तारखा कॅलेंडरवर लिहायला लागले तेव्हा पाणी बदलणं आणि मरणं हे चिकटलेलं दिसलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणीपुरवठ्यात २००४ पासून क्लोरीनऐवजी क्लोरामाइन आहे, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया जोडलेले, ते बादलीत ठेवून उडत नाही. बरं नुसत्या जुन्या पद्धतीच्या अँटीक्लोरीनने क्लोरीन तुटतो पण अमोनिया मागे उरतो, त्यामुळे अमोनियाही बांधणारं कंडिशनर लागतं.

टीसीएल_त्रस्त 
वहिनी, गावाकडे उलट आहे, क्लोरीनच, पण डोस कधी किती ते कोणालाच माहीत नाही. पावसाळ्यात टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली की नळ सोडल्या सोडल्या नाकाला कळतं. मी त्या दिवशी पाणी भरतच नाही.

सदाशिव_पेठी
आमचं दुकानदाराशी वर्षभर भांडण चालू होतं. त्याच्याकडून आणलेला प्रत्येक मासा दोन दिवसांत खलास आणि आमचे सात वर्षांचे जुने एंजल मात्र राजासारखे फिरतायत, म्हणजे दोष मालाचाच असणार ना! शेवटी त्याने वैतागून स्वतःची पीएचची, म्हणजे पाणी किती आम्ल ते बघायची बाटली आणली आणि आमच्या हॉलमध्ये बसून टेस्ट केली तर साडेपाचच्या खाली. त्याच्या दुकानात साडेसात. वडिलांची पद्धत अशी की पाणी आटलं की वरून भर घालायची, काढायचं नाही. वाफ होऊन पाणी जातं, घाण तिथेच राहते, आणि बॅक्टेरिया अमोनिया खाताना पाण्यातला क्षार संपवत जातात, तो संपला की पीएच कोसळतो. जुने मासे हळूहळू सरावलेले, नवे थेट त्यात पडलेले. तेव्हाच सगळं पाणी बदलायला निघालो होतो, दुकानदारानेच हात धरला, कारण कमी पीएचला अमोनिया बिनविषारी रूपात पडून असतो, एकदम पीएच चढवला तर तोच विषारी होऊन जुनेही गेले असते. रोज एक तांब्या एक तांब्या करत महिना लावला. त्याच्याकडे आता उधारी चालते.

डोंबिवली_फास्ट
आमच्याकडे दोन टँक, एकाच खोलीत, पाणी एकच, खाणं एकच. एका संध्याकाळी एकातले सगळे मासे वेड्यासारखे आपटून अर्ध्या तासात गेले, दुसऱ्यात काहीच नाही. फरक शोधता शोधता एवढाच सापडला की मेलेल्या टँकचा एअर पंप आवाज करतो म्हणून गॅलरीत ठेवला होता. त्या संध्याकाळी खाली डेंग्यूची धुराची गाडी आली होती, आम्ही खिडक्या लावून घेतल्या आणि पंप बाहेरचा धूर ओढून थेट पाण्यात सोडत बसला.

खाडीकाठचा
डोंबिवली, निदान पटतंय. त्या धुरात बहुतेक पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं, माणसाला त्या मानाने सौम्य पण माशाला अगदी नगण्य डोस पुरतो, आणि मासा चिरून त्यात बघण्यासारखं काही दिसत नाही. तुमचा तो दुसरा टँक नसता तर कधी कळलं नसतं. टँक परत भरलात का? खडी आणि स्पंज तेच वापरलेत?

डोंबिवली_फास्ट
खडी धुवून गच्चीवर उन्हात टाकलीय, स्पंज फेकला. उरलेलं विष शोषायला फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन घालून टँक रिकामाच चालवतोय सध्या, आधी दोन गप्पी सोडून बघणार. बायको म्हणते त्या गप्पींनी काय घोडं मारलंय.