ऑक्सफर्डचा इंग्लिश लिटरेचरचा इंटरव्ह्यू: लेकीची तयारी कशी करून घेऊ?

हॅरोची_आई:
नमस्कार मंडळी, लेक यिअर १३ ला (इथलं शाळेचं शेवटचं वर्ष) आहे, ऑक्सफर्डला इंग्लिशसाठी अर्ज केलाय (१५ ऑक्टोबरच्या आत कसाबसा गेला एकदाचा) आणि काल इंटरव्ह्यूचा मेल आला, डिसेंबरात आहे, ऑनलाइन. आमच्या दोन्ही घरांत सगळे इंजिनियर नाहीतर बँकेतले, त्यामुळे लिटरेचरवाल्यांना नेमकं काय विचारतात याची काडीची कल्पना नाही. नवरा म्हणतो चॉसरपासून आजपर्यंतची सनावळी पाठ करून घे. ती म्हणते बाबा प्लीज. अजून एक, अर्जातल्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये (स्वतःबद्दल लिहायचं असतं ते) तिने अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी' या इंग्रजी कवितासंग्रहाबद्दल लिहिलंय, वाचलंय खरं पण उन्हाळ्यात एकदाच. त्यावर विचारतील का? मला तर रात्री झोप नाही, ती मस्त घोरतेय.

टेम्सकाठी:
ताई, आधी सनावळी बंद करा 😄 मी तिथेच इंग्लिश केलंय, बरीच वर्षं झाली. तिथे ट्युटोरियल म्हणजे एकदोन विद्यार्थी आणि समोर ट्यूटर, आणि इंटरव्ह्यू म्हणजे त्याचंच छोटं रूप, पुढे जे शिकवणार बहुतेक तेच समोर बसतात. इंग्लिशला बऱ्याचदा आधी न बघितलेली कविता नाहीतर उतारा देतात आणि त्यावर बोलायला लावतात. कवी ओळखायचा नसतो. केंब्रिजला रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक मुलांना कवीचं नाव न सांगताच कविता द्यायचे आणि मुलं काय काय लिहितात ते बघायचे, त्यावर त्यांचं १९२९ ला पुस्तकही आलं, तिथपासूनची ही खोड आहे म्हणा ना.
माझं सांगते. मी कविता वाचली आणि ठोकून दिलं की ही मरणावरची कविता आहे. ट्यूटर शांतपणे म्हणाल्या, मग तिसऱ्या ओळीत प्रश्नचिन्ह का आहे? मी ते बघितलंच नव्हतं!! घशाला कोरड. मग म्हटलं थांबा, मला परत वाचू दे, आणि मोठ्याने वाचत वाचत माझंच आधीचं मत खोडत गेले. बाहेर आले तेव्हा वाटलं गेली सीट. पण मिळाली.

डोंबिवली_टू_लीड्स:
मुलाच्या वेळी आम्ही एकाकडे पैसे भरून चार मॉक (सरावाचे इंटरव्ह्यू) करून घेतले होते, "व्हाय इंग्लिश" चं उत्तर त्याला झोपेतून उठवलं तरी आलं असतं इतकं घोटलं. तो प्रश्नच आला नाही, आणि दुसऱ्याच कुठल्या प्रश्नाला पोराने तेच उत्तर चिकटवलं. नाही झालं. आता दुसरीकडे इंग्लिशच करतोय, मजेत आहे. घोकंपट्टी नको एवढंच सांगते.

खंडोबाचा_भक्त:
जेजुरीवर विचारू शकतात, स्वतःच लिहिलंय म्हटल्यावर तयारी हवीच. १९७६ ला आलं, १९७७ ला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं, हे सांगून उपयोग नाही, ते गूगलवर सगळ्यांनाच मिळतं. अख्खं पुस्तक घासत बसण्यापेक्षा एकच कविता घट्ट धरा. 'ॲन ओल्ड वुमन' घ्या. म्हातारी बाही धरून मागे लागते, पन्नास पैसे मागते. तीन तीन ओळींची कडवी. आता बघा, कवी "मी" म्हणतच नाही, "तू" म्हणतो, म्हणजे बाही कोणाची धरली? वाचणाऱ्याची. आणि शेवटी हा "तू"च तिच्या हातात "स्मॉल चेंज" होऊन राहतो, सुट्टे पैसे पण आणि क्षुल्लक पण. आपल्या "चिल्लर"मध्ये दोन्ही अर्थ आयते बसतात, हे लेकीला सहज दिसेल आणि तिथल्या कितीजणांना दिसेल? मला विचाराल तर खरा प्रश्न पुढेच आहे. मराठीत एवढं लिहिणारा माणूस खंडोबाच्या गावावर इंग्रजीत का लिहितो? याचं पाठ केलेलं उत्तर नको, तिला खरंच काय वाटतं ते हवं.

टेम्सकाठी:
+१. आणि चिल्लरचं तिने स्वतःहून सांगू दे, "आईने सांगितलं" असा वास आला की पुढचा प्रश्न बरोब्बर तिथेच येतो.

हॅरोची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री किचन टेबलवर ती कविता काढली. मी म्हटलं बिचारी म्हातारी, तर लेक म्हणाली आई बिचारी कुठे, डोंगर देवळं सगळं तडकतंय आणि ही एकटी उभी आहे, बिचारा तो बाहीवाला. अर्धा तास भांडलो, आमटी करपली. चिल्लरचं मी तोंडातून काढलं नाहीये, जीभ चावून बसलेय. आता शेवटचा बावळट प्रश्न, इंटरव्ह्यू टीम्सवर (व्हिडिओ कॉलचं ॲप) आहे तर शाळेचा लॅपटॉप बरा की घरचा? घरच्याचा माइक मधेच जातो.

डोंबिवली_टू_लीड्स:
शाळेत रिकामी खोली मिळते का विचारा आजच. आमच्याकडे ऐन वेळी कुकरची शिट्टी झाली होती.