स्टेनलेसच्या वेल्डवर यूटी (अल्ट्रासॉनिक टेस्टिंग, ध्वनिलहरींनी आतले दोष शोधणं) केली की स्क्रीनभर ग्रास (गवतासारखे नको असलेले सिग्नल) येतो, काय करू?

वेल्ड_शिकाऊ:
३०४ स्टेनलेसच्या २५ एमएम प्लेटची बट वेल्ड आहे, कार्बन स्टीलला वापरतो तोच ४ मेगाहर्ट्झचा ४५ डिग्री शिअर (आडव्या कंपनाच्या लहरींचा) प्रोब लावला तर नुसता ग्रास, गेन (सिग्नल मोठा करायचं सेटिंग) वाढवला की ग्रासपण वाढतो. प्रोब गेलाय का?

बीम_अँगल:
प्रोब ठीकच असेल, मटेरियल वेगळंय. ऑस्टेनिटिक (३०४ त्याच गटातलं) वेल्ड थंड होताना ग्रेन (धातूचे स्फटिक कण) खांबांसारखे लांब वाढतात, वेव्हचा वेग दिशेप्रमाणे बदलतो, म्हणून बीम विखुरतो आणि वाकतोसुद्धा. ४ मेगाहर्ट्झला शिअरची वेव्हलेंथ जेमतेम ०.८ एमएम, ग्रेन तिला अडवणारच. २ मेगाहर्ट्झचा ड्युअल (पाठवणारा आणि घेणारा क्रिस्टल वेगळा) लाँगिट्युडिनल (लहरीच्या दिशेनेच कंपन) अँगल प्रोब घ्या, टीआरएल म्हणतात तो, वेव्हलेंथ ३ एमएमच्या जवळ जाते आणि ग्रास बराच कमी होतो.

जुना_लेव्हल_टू:
सहमत, पण टीआरएलने स्किप (तळावरून उलटून येणारा बीम) वापरू नका हो! तळावर आपटल्यावर मोड कन्व्हर्जन होतं (लहर एका प्रकारातून दुसऱ्यात बदलते) आणि सिग्नल कुठला ते कळत नाही. फर्स्ट लेगमध्येच (तळाला आपटण्याआधीच्या सरळ बीममध्ये) बघायचं, त्यासाठी परवानगी असेल तर कॅप (वेल्डचा वर आलेला भाग) ग्राइंड करून सपाट करा, दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. आणि कॅलिब्रेशन ब्लॉक (मशीन सेट करायचा नमुना तुकडा) त्याच प्रोसिजरने वेल्ड केलेला हवा, साध्या प्लेटच्या ब्लॉकवर सेन्सिटिव्हिटी सेट केली तर वेल्डच्या पलीकडचा क्रॅक सरळ निसटेल.

वेल्ड_शिकाऊ:
खूप आभार! सरफेस क्रॅकला एमपीआय (चुंबकीय कणांनी तपासणी) चालेल?

बीम_अँगल:
नाही, ३०४ चुंबकाला नीट धरत नाही. पेनिट्रंट (क्रॅकमध्ये शिरणाऱ्या रंगद्रवाची तपासणी) करा, ड्वेल टाइम (द्रव आत मुरायचा वेळ) प्रोसिजरप्रमाणे पूर्ण द्या.