२००९ ची स्प्लेंडर, ॲव्हरेज ४० वर आलंय, गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोलायला लागेल. खोलू का?

नऱ्हे_टू_हडपसर:
नमस्कार मंडळी. मामाची २००९ ची स्प्लेंडर प्लस दिवाळीपासून माझ्याकडे आलीय. मामा गावाला शिफ्ट झाला, म्हणाला पार्किंगमधे सडण्यापेक्षा तूच वापर. रोज नऱ्ह्यावरून कात्रज-कोंढवा रोडनं हडपसर, जाऊन येऊन, आणि तो रोड ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको की निम्मा वेळ फर्स्ट-सेकंडमधेच जातो. मामा छातीठोक सांगतो की त्याच्याकडे ६० च्या खाली कधी आली नाही, माझ्याकडे ४०-४२ च्या वर जायला तयार नाही. सकाळी स्टार्टिंगचा वैताग आहे, चोक देऊन किका मारून मारून पोटरी भरते, एकदा चालू झाली की मग दिवसभर काही तक्रार नाही. ऑइल पण कमी होतंय बहुतेक, मागच्या सर्व्हिसिंगला जेवढं घातलं त्याच्या निम्मंच निघालं.

घराजवळच्या गॅरेजवाल्यानं दोनदा ॲक्सिलेटर पिळला, सायलेन्सरच्या तोंडाला हात लावला आणि म्हणाला इंजिन खोलावं लागणार, बोअर-पिस्टन, क्लच प्लेट, टायमिंग चेन सगळं धरून दहा हजार. माझं बजेट ताणून ताणून चार. ऑफिसला दुसरी गाडी नाही, पीएमपीनं दोन बस बदलून जावं लागतं. तर खोलू, विकू, का आधी काही करून बघण्यासारखं आहे? घरी पाने आहेत, हात काळे करायची तयारी आहे. "नवीन घे" हा सल्ला सोडून काहीही सांगा.

पेठी_पुणेकर:
बरं, नवीन घेऊ नका. जुनं इंजिन घ्या! दहा हजारांत जुन्या बाजारात एक इंजिन, दोन सायलेन्सर आणि वर एक घंटा मिळेल. बुधवारी किंवा रविवारी जा, सकाळी लवकर.

तेलकट_हात:
@पेठी_पुणेकर गंमत ठीक आहे पण कोणीतरी हे खरं समजून जाईल. इंजिन नंबर आरसीवर असतो, कुठलं तरी इंजिन उचलून बसवलंत आणि ते चोरीच्या गाडीचं निघालं तर चौकीत बसून काय सांगणार. जुन्या बाजारातून आरसा घ्या, साइड पॅनल घ्या, लेगगार्ड घ्या, नंबर असलेली वस्तू घेऊ नका.

आता मूळ प्रश्न. खोलू नका, निदान या महिन्यात नाही. सायलेन्सरला हात लावून पिस्टन कळत असतं तर आम्ही एवढी वर्षं गेज कशाला घेऊन बसलो असतो. तुम्ही तीन तक्रारी सांगितल्यात, ॲव्हरेज, सकाळचं स्टार्टिंग आणि ऑइल, आणि गॅरेजवाल्यानं तिन्हीची मिळून एक मोठी तक्रार केली. त्या वेगवेगळ्या असू शकतात हे आधी डोक्यात घ्या.

ऑइलपासून सुरू करा कारण तेच एक असं आहे की दुर्लक्ष केलं तर खरंच दहा हजाराचं काम निघेल. या इंजिनात ऑइल बदलताना साधारण ०.९ लिटर जातं. निम्मं निघालं म्हणजे जळलं, गळलं किंवा मुळात घातलंच कमी, आणि तिसरी शक्यता गॅरेजात कोणी बोलून दाखवत नाही. १०डब्ल्यू३० ग्रेडचं घ्या, डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलंय का बघा, कारण या गाडीचा क्लच ऑइलमधेच बुडलेला असतो आणि कारचं उरलेलं ऑइल घातलं की प्लेटा घसरायला लागतात. घालताना स्वतः उभे राहा. मग सपाट जागेवर, मेन स्टँडवर, गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा, जरा थांबा, डिपस्टिक पुसून परत आत नुसती टेकवा, आटे फिरवायचे नाहीत. हे दर रविवारी करायचं आणि लिहून ठेवायचं. महिन्याभरात कळतं ऑइल खरंच जातंय का. गळती शोधताना सगळे इंजिनच्या खाली बघतात, तुम्ही पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडा, तिथलं शाफ्टचं सील गेलेलं असेल तर तेल चेनच्या काळ्या चिकट्यात मिसळतं आणि खाली थेंबसुद्धा दिसत नाही. तीस-चाळीस रुपयांचं सील असतं.

दुसरं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा स्क्रू, त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मधे बारीक गॅप लागतो. गिऱ्हाईक म्हणतं टकटक आवाज येतो, मिस्त्री टॅपेट टाइट करून देतो, गाडी गप्प होते, गिऱ्हाईक खूश. पण टॅपेट जास्त टाइट असलं की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, स्टार्टिंग जड होतं आणि पिकअप मरतो, तसंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतो. इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे सकाळी गाडी चालू करायच्या आधी, फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) लावून मॅन्युअलमधल्या गॅपवर सेट करायला सांगा. "कानानं करतो" म्हणाला तर दुसरीकडे जा. बारीक टकटक राहिली तर राहू दे, ती चालते.

इथेनॉल_नको:
कशाला एवढं, सगळा दोष ई२० पेट्रोलचा आहे. जुन्या गाड्यांचं वाटोळं केलंय. माझं पण ॲव्हरेज पडलंय.

वैदेही_वारजे:
@इथेनॉल_नको फरक पडतो हे मान्य, पण किती? इथेनॉलमधे पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते मिसळलंय २० टक्के, म्हणजे फार तर सहा-सात टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात तर जुन्या टू व्हीलरसाठी ३-४ टक्केच धरलेत. साठाचे छप्पन होतील, चाळीस नाही होणार. उरलेले पंधरा-सोळा किलोमीटर कुठं गेले ते शोधायला नको का.

ई२० चा जुन्या गाडीला खरा त्रास रबराला होतो. २००९ ची पेट्रोल नळी असेल तर ती आधी बदल, कडक होऊन चिरली असेल, पन्नास रुपयाच्या आत येते. आणि इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून थोडं जरी पाणी गेलं तरी ते खाली कार्बोरेटरच्या वाटीत येऊन बसतं आणि मग सकाळी तुझ्यासारखी किकबाजी. वाटीच्या खाली एक स्क्रू असतो, खाली काचेची बाटली धर, पेट्रोल कॉक बंद करून तो सैल कर, जे निघेल ते पाच मिनिटं स्थिर ठेवून बघ. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी. हे बाहेर उघड्यावर कर, इंजिन गार असताना, आणि शेजारचे काका सिगरेट घेऊन बघायला आले तर त्यांना आधी घालव.

कार्बोरेटर मी घरीच साफ करते. स्लो जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल सोडणारी बारीक नळी, तिचं भोक केसासारखं असतं, ते बुजलं की गार स्टार्टिंग आणि आयडलिंग दोन्ही बोंबलतं. त्यात तार किंवा पिन घालायची नाही, भोक मोठं झालं की ॲव्हरेज कायमचं गेलं, स्प्रे मारायचा आणि हवा. एअर स्क्रू काढायच्या आधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून भिंतीवर लिही, लावताना तेवढेच फेरे बाहेर. आणि चोकचा खटका ओढल्यावर आतली पट्टी खरंच फिरते का ते डोळ्यानं बघ, बऱ्याचदा वरचा खटका हलतो आणि आत काहीच होत नाही.

बाकी सामान नाना पेठेत घे. नऱ्ह्यातून लांब पडतं पण एका फेरीत सगळं मिळतं. दुपारी जेवायच्या वेळेला जाऊ नकोस, कारण सांगायला नको. जुना पार्ट हातात घेऊन जा, नुसतं "स्प्लेंडरचा द्या" म्हणालास तर कुठल्या सालाचा, कुठला मॉडेल यावर तुझीच परीक्षा होते. प्लग, एअर फिल्टर, ब्रेक शू, चेन किट हे ओरिजिनलच घे, फूटरेस्टचं रबर, सीट कव्हर, ग्रिप यात लोकल चालतं. प्लग शंभर-सव्वाशे, एअर फिल्टर दीड-दोनशे, चेन किट हजाराच्या आसपास धरून चाल.

आरटीओ_पीडित:
सगळे इंजिनात घुसलेत म्हणून विचारतो, कागद बघितले का? २००९ ची गाडी म्हणजे १५ वर्षं २०२४ लाच झाली. रीपासिंग, म्हणजे आरटीओत परत नोंदणी, केलीय का मामांनी? नसेल तर चार हजारातले पैसे आधी तिकडे ठेवा, फी, पर्यावरण कर आणि उशीर झालाय म्हणून दंड, वर ती नवीन नंबरप्लेट पण. एकदा झालं की पाच वर्षं बघायला नको. आणि गाडी रोज तुम्हीच चालवताय तर आरसी आणि इन्शुरन्स तुमच्या नावावर करून घ्या, उद्या कुठं काही झालं तर गावाहून मामांना यावं लागेल.

नऱ्हे_टू_हडपसर:
@आरटीओ_पीडित मामा या बाबतीत देवमाणूस, रीपासिंग करूनच दिलीय. ट्रान्सफरचं मात्र राहिलंय, घेतो करून.

@तेलकट_हात काका, @वैदेही_वारजे ताई, रविवारी सकाळपासून बसलो होतो, खाली सोसायटीतले अर्धे लोक सल्ला द्यायला. जे सापडलं ते लिहितो. एअर फिल्टर काढला तर तो फिल्टर आहे हे ओळखू येत नव्हतं, सिंहगड रोडची सगळी धूळ त्यात. प्लग काळा, कोरडी काजळी, तेलकट नाही. वाटीत पाणी नाही निघालं पण तळाला लालसर गाळ होता. चोकची पट्टी फिरते. टॅपेट मी नाही केलं, ऑफिसजवळ एक म्हातारे मिस्त्री आहेत त्यांच्याकडे सकाळी गाडी ठेवून गार झाल्यावर संध्याकाळी करून घेतलं, त्यांनी गेज लावलं आणि म्हणाले एक्झॉस्टला गेज जातच नाहीये. आता सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू होते. पोटरी धन्यवाद देतेय.

ॲव्हरेज टाकी फुल करून मोजतोय, अजून कळायचंय.

तेलकट_हात:
लालसर गाळ म्हणजे टाकीत आतून गंज आहे. कॉकच्या वर जाळी असते ती काढून धुवा, आणि नळीत बारीक फिल्टर टाका, नाहीतर साफ केलेला जेट महिन्याभरात परत बुजणार. टाकी निम्म्याच्या वर भरलेली ठेवत चला, रिकाम्या टाकीत गंज जास्त धरतो.

प्लग काळा कोरडा म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, ते तुमच्या फिल्टरशी जुळतंय. पिस्टन-रिंगा गेलेल्या असत्या तर प्लग तेलकट ओला निघाला असता. गॅरेजवाल्याचे दहा हजार इथंच संशयास्पद झाले.

अजून एक, चाक फिरवून बघितलं का? मेन स्टँडवर न्यूट्रल करून मागचं चाक हातानं फिरवा.

नऱ्हे_टू_हडपसर:
बघितलं आत्ता. एक फेरा पण पूर्ण मारत नाही, घासत थांबतं.

तेलकट_हात:
मिळाले की तुमचे किलोमीटर. ब्रेक पेडल सोडल्यावर ड्रमवरची दांडी पूर्ण मागं येते का बघा. येत नसेल तर आतला कॅम, म्हणजे ब्रेक शू फाकवणारा तुकडा, सुकलाय, चाक काढून कॅम बाहेर घ्या, पॉलिश पेपर मारा, ग्रीसचं अगदी बोट लावा, लायनरला लागू देऊ नका. शू काढलेच आहेत तर झिजलेत का तेही बघून घ्या. ड्रममधली पूड फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा, जुन्या शूमधे ॲस्बेस्टॉस असू शकतं.

चाक परत लावताना चेन बघा. मधोमध वरखाली २५ ते ३५ मिलिमीटर हलली पाहिजे, आणि चाक फिरवत चार जागी बघा कारण जुनी चेन एका जागी टाइट, दुसऱ्या जागी सैल असते, जिथं सगळ्यात टाइट तिथं माप घ्यायचं. दोन्ही बाजूच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले दिसले तर अख्खा सेट बदला, नुसती चेन नको. टायरमधे हवा पुढं २५, मागं एकटे असाल तर २८.

नऱ्हे_टू_हडपसर:
अपडेट. कॅम दगडासारखा अडकला होता, सुटला. ॲव्हरेज ५४ आलं, त्याच रोडला, त्याच ट्रॅफिकमधे! खर्च सगळा मिळून दोन हजाराच्या आत, चेन किट अजून चालेल म्हणून नाही बदललं.

पण ऑइल जातंय हे नक्की. डिपस्टिकवर दोन आठवड्यात दिसण्याइतकं उतरलं. सील कोरडं आहे, गळती कुठंच नाही. काल खेड शिवापूरहून जुन्या कात्रज घाटानं आलो, बोगद्यापासून खाली ॲक्सिलेटर बंद करून गिअरमधेच उतरलो आणि खाली येऊन पिळला तर मागून निळा धूर, भस्सकन. मग बंद. एरवी रोज जाताना दिसत नाही. आता?

तेलकट_हात:
आता खरं निदान झालं. सतत, जोर दिला की निळा धूर आला असता तर रिंगा. उतारावर ॲक्सिलेटर बंद असताना इंजिन आत ओढतं, व्हॉल्व्हची सीलं कडक झाली असतील तर वरचं ऑइल गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून, खाली उतरतं, आणि तुम्ही पिळता तेव्हा ते एकदम जळतं. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्यांदा चालू करतानाही थोडा दिसेल, लक्ष ठेवा.

खात्री करायची तर कॉम्प्रेशन गेज लावणारा गाठा. एकदा कोरडं मोजायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत. आकडा एकदम उडी मारून वर गेला तर रिंगा, जागेवरच राहिला तर बोअरला हात लावायचा नाही.

तसं निघालं तर फक्त हेड उतरवायचं. सीलं, हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून नीट बसवणं), गाइड ढिले नाहीत ना तेवढं बघायचं, मजुरी धरून दोन ते अडीच हजारात बसेल. टायमिंग चेन तेव्हा समोरच दिसते, ताणली असेल तर त्याच हातानं बदला. हे घरी करू नका, टायमिंगची खूण एक दात चुकली तर अख्खं काम परत. तोपर्यंत दर रविवारी ऑइल बघून टॉपअप करत चालवा.

पेठी_पुणेकर:
आणि त्या दहा हजारवाल्या गॅरेजसमोरून जाताना जरा हळू जा, आवाज ऐकू दे.

नऱ्हे_टू_हडपसर:
@पेठी_पुणेकर रोजचाच रस्ता आहे 😄
@तेलकट_हात काका, शनिवारी म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेज लावून घेतो. सीलं मी आधीच आणून ठेवू का त्यांनाच आणू देऊ?

तेलकट_हात:
तुम्ही आणा, पण पाकीट फोडू नका. गॅस्केट पण त्याच फेरीत. बिल ठेवा, रिंगाच निघाल्या तर परत करता येईल.