परवाना, बाळगणे, जमा, खातरजमा : बंदुकीच्या दुकानाची मराठी

अनुवादी
मंडळी, शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांवर सामान्य वाचकासाठी मराठी पुस्तिका करतेय. भर आहे बंदुका विकणाऱ्या दुकानदारांवरच्या सरकारी नियंत्रणावर. पहिल्याच पानावर अडले. दुकानदाराला ‘परवानाधारक’ म्हटलं की वाचकाला वाटतं, ज्याच्या घरी बंदूक आहे तो. वर्तमानपत्रांनी तर ‘परवानाधारक बंदुकीतून गोळीबार’ लिहून बंदुकीलाच परवाना देऊन टाकलाय. ‘अनुज्ञप्ती’ म्हणजे सरकारी मराठीतलं लायसन्स, पण ‘अनुज्ञप्तीधारक’ लिहावं तर पुस्तिका कोणी दुसऱ्यांदा उघडणार नाही. दुसरी अडचण, हे जे सरकारचं लक्ष असतं दुकानावर, त्याला काय म्हणू? देखरेख, नियमन, पर्यवेक्षण?

निवृत्त_कारकून
अनुवादीताई, गोंधळ तुमचा नाही, कायद्यातच दोघांना एक शब्द आहे. कलम ३ खाली बंदूक जवळ ठेवणाऱ्याला परवाना लागतो, कलम ५ खाली बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला, अगदी दुरुस्त करणाऱ्यालाही. मराठी कचेऱ्यांत दोन्हींना ‘शस्त्र परवाना’च म्हणतात.

‘अनुज्ञप्ती’ने सुटेल असं वाटत असेल तर इतर खात्यांकडे बघा. उत्पादन शुल्कवाले दारूच्या दुकानाला अनुज्ञप्ती देतात आणि पिणाऱ्याला परवाना. परिवहनवाले गाडी चालवणाऱ्याला अनुज्ञप्ती देतात आणि रिक्षाच्या धंद्याला परवाना. म्हणजे एका खात्यात धंदा अनुज्ञप्तीवर चालतो, दुसऱ्यात परवान्यावर. यातून नियम काढायला जाऊ नका.

माझं मत, परवाना शब्द ठेवा आणि कशाचा ते पुढे लिहा. ‘शस्त्र बाळगण्याचा परवाना’ आणि ‘शस्त्रविक्रीचा परवाना’. दुकानदार म्हणजे ‘परवानाधारक शस्त्रविक्रेता’. विशेषण आणि नाम एकत्र राहिले की घोळ होत नाही. परवाना देणारा अधिकारी मात्र दोन्हीकडे सांगा. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्त. लोक सरसकट ‘कलेक्टरकडून’ म्हणतात. मुंबई-पुण्यात ते चूक ठरतं.

शमा
परवाना हा मूळ फारसी. हुकूमनामा, लेखी परवानगी. फारसीतच त्याचा दुसरा अर्थ पतंग, शमेवर झेप घेणारा. पुस्तिकेत हे घालू नका, पण बंदुकीच्या कागदाला असा शब्द मिळावा याची मौज वाटते.

अनुवादी
‘शस्त्रविक्रीचा परवाना’ घेतला. आता ‘बाळगणे’बद्दल शंका. दुकानदार बाळगतो का? तो तर विकायला ठेवतो.

पाटी_पेन्सिल
बाळगणे हा शब्द फार नेमका आहे, तो हातचा सोडू नका. आपण काय काय बाळगतो बघा: भीती, मौन, सावधगिरी, अंधश्रद्धा, आणि शस्त्र. सगळं जवळ, आणि बऱ्याचदा न दाखवता. ‘विनापरवाना पिस्तूल बाळगल्याप्रकरणी अटक’ हे वाक्य कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कायद्यात मिळवणे, बाळगणे आणि जवळ घेऊन फिरणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिसरी विसरली जाते.

दुकानदारापुरतं ‘विक्रीसाठी जवळ ठेवणे’ पुरे. कलम ५ मध्ये विकण्याबरोबर विक्रीला मांडणे आणि विक्रीसाठी ठेवणे हेही येतं. म्हणजे गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी परवाना लागतोच.

न्यू_जर्सीकर
इकडची एक बाजू सांगतो, कारण अमेरिकी बातम्यांचे मराठी अनुवाद वाचून डोकं धरावं लागतं. इकडे संघराज्याच्या कायद्यानुसार साधी रायफल घरात ठेवायला परवाना नाही. काही राज्यांनी लावलाय, तो वेगळा भाग. परवाना लागतो तो धंदा करणाऱ्याला, १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याखाली. त्यामुळे इकडच्या बातमीत परवानाधारक म्हटलं की बहुधा दुकानदार, आणि तीच बातमी मराठीत गेली की वाचकाला दिसतो घरमालक. अर्थ उलटाच होतो. वरचेवर बंदुका विकणारा पण स्वतःला हौशी म्हणवणारा माणूस धंदेवाईक धरायचा की नाही, यावर इकडे वर्षानुवर्षं वाद आहे, आणि तो वाद भारतीय वाचकाला कळतच नाही, कारण आपल्या डोक्यात परवाना माणसाला चिकटलेला असतो.

देखरेखीचंही तसंच. १९८६ च्या दुरुस्तीने ठरवलं की वॉरंटाशिवाय नेहमीची तपासणी बारा महिन्यांत एकदाच, आणि केंद्र सरकारने बंदूकमालकांची मध्यवर्ती नोंद ठेवायची नाही. मग एखादी बंदूक गुन्ह्यात सापडली तर? वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला माग काढणारं केंद्र आहे. ते कारखान्याला विचारतं, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, तो दुकानाचं, आणि दुकानदार वही उघडून गिऱ्हाइकाचं. दुकान बंद पडलं तर त्याच्या वह्या त्या केंद्राकडे जातात. सगळी भिस्त वहीवर.

निवृत्त_कारकून
हे वाचून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. देखरेख नको. देखरेख आपण म्हाताऱ्या आईची करतो, शेतावरच्या गड्यांवर करतो. नियमन म्हणजे नियम करणं, ते दिल्लीत होतं. पर्यवेक्षण परीक्षेच्या हॉलमध्ये. दुकानात जे घडतं त्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, पडताळणी. वहीतले क्रमांक आणि कपाटातल्या बंदुकांवरचे क्रमांक एकास एक लावून बघणं. आवक किती, विक्री किती, शिल्लक किती, काडतुसं किती. ताळा जमला तर ठीक.

क्रमांक नसेल तर पडताळायचं काय? म्हणून कलम ८ मध्ये बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक किंवा तशी ओळखखूण नसलेली बंदूक विकायलाच मनाई आहे, आणि खूण खोडणं हा गुन्हा. गावठी कट्ट्याची अडचण हीच की तो कुठल्याच वहीतून निघालेला नसतो.

पाटी_पेन्सिल
पूर्ण सहमत. या विषयाला संस्कृत घडीव शब्दांपेक्षा दुकानदारीचे, हिशेबाचे शब्द जास्त शोभतात, कारण कायदा मुळात वहीवर उभा आहे. वही, ताळा, आवक, शिल्लक. पुस्तिकेची भाषा तीच ठेवा.

तळकोकण
मग ‘जमा’ हा शब्द समजावून सांगा हो त्यात. आमच्याकडे सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या, म्हणजे नळीतून दारू ठासून भरायच्या, बंदुका घरोघरी. निवडणूक लागली की ‘हत्यारं जमा करा’ म्हणून निरोप येतो. शेजारचे आप्पा दरवेळी म्हणतात, ‘बंदूक जप्त झाली.’ अहो जप्त नाही, जमा! वानर आणि डुक्कर आचारसंहिता पाळत नाहीत हा त्यांचा मुद्दा मात्र खोडता येत नाही.

निवृत्त_कारकून
तीन शब्द आहेत, तिन्हींत बंदूक तुमच्या हातातून जाते आणि फरक महत्त्वाचा आहे. जमा म्हणजे ठेव, मालकी तुमची, पावती घ्या. जप्त म्हणजे गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनी घेतलेली. सरकारजमा म्हणजे गेली.

आणि इथे दुकानदार परत येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कलम २१ प्रमाणे बंदूक बाळगणं बेकायदा झालं, म्हणजे परवाना संपला, रद्द झाला किंवा मालक वारला, तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तेव्हा जादाची बंदूक जमा करायलाही हेच दोन दरवाजे होते. म्हणून दुकानाची वही नुसती विक्रीची नसते, ठेवींचीही असते. वारसाने मुदतीत काही केलं नाही तर जमाची सरकारजमा होऊ शकते.

शमा
याच घराण्यातला अजून एक शब्द, खातरजमा. फारसीतून आलेला अरबी ‘खातिर’ म्हणजे मन. मन एका जागी जमलं, शंका उरली नाही.

अनुवादी
थांबा, हा मला हवाच होता! कलम २९ मध्ये, समोरचा कायद्याने हक्कदार आहे की नाही हे आधी न बघता शस्त्र त्याच्या ताब्यात देणारा गुन्हेगार ठरतो. माझ्या मसुद्यात होतं ‘पूर्वनिश्चिती न करता’. आता ‘खातरजमा न करता’. एकवीस वर्षांची अट, परवान्याची मुदत, परवान्यात लिहिलेला शस्त्राचा प्रकार, हे सगळं दुकानदाराने काय करायचं ते एका शब्दात आलं.

न्यू_जर्सीकर
इकडे ती खातरजमा दुकानदार फोनवर किंवा संगणकावर सरकारी यादीकडून करून घेतो, १९९८ पासून. पण शब्द लागू पडतो.

पाटी_पेन्सिल
जाता जाता, ‘अग्निशस्त्र’ आणि ‘दारूगोळा’बद्दल काय ठरवलंत? अग्निशस्त्र कायद्याच्या मराठीत आहे, पण ऐकलं की महाभारत मालिकेतला बाण डोळ्यांसमोर येतो. जुन्या विभागणीत हातात धरून मारायचं ते शस्त्र, फेकायचं ते अस्त्र. त्या हिशेबाने बंदूक शस्त्र आणि गोळी अस्त्र म्हणावं लागेल.

अनुवादी
व्याख्येच्या पानावर एकदा अग्निशस्त्र, पुढे सगळीकडे बंदूक, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर. दारूगोळ्याचं जमत नाहीये. दुकानात गोळा नसतो.

तळकोकण
काडतुसं लिहा. पोर्तुगीजांकडून आलेला शब्द आहे, आम्हाला घरचा वाटतो. आणि वापरलेल्या काडतुसाची राहते ती पुंगळी. ‘जिवंत काडतूस’ही ठेवा, बातम्यांमुळे सगळ्यांना कळतं.

निवृत्त_कारकून
व्याख्येत नुसती काडतुसं लिहून भागणार नाही. ठासणीची दारू, केप (ती पेटवणारी छोटी टोपी), फ्यूज हेही त्यात येतं. तिथे दारूगोळा ठेवावाच लागेल. विक्रीच्या प्रकरणात काडतुसं चालतील.

तळकोकण
मग दारू कुठली ते कंसात लिहा. आमच्याकडे दोन्ही मिळतात.